आपण, लवणवस्तीचे लोक

आमची अंजू स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, अन् मनातल्या मनात वाचायची तिला सवयच न्हाई. मोठ्यानं घोकल्याशिवाय पोरीच्या डोक्यात काही बसत न्हाई. त्यामुळं तिच्यासंगं सगळ्या लवणवस्तीचा अभ्यास होतो. आधी नद्या झाल्या, मंग पंचवार्षिक योजना झाल्या, अन् कापसाच्या वेचणीला आली अमेरिका.

आम्ही बाया ओळीनं कापूस वेचून राह्यलो, अन् ही बांधावर बसून मोबाइलमधलं वाचून राह्यली. राजा इंग्लंडात, अन् मधी एवढा मोठा समुद्र. कर भरायचा अमेरिकेतल्या लोकांनी, अन् कर ठरवायचा इंग्लंडातल्या पार्लमेंटानं. त्या पार्लमेंटात अमेरिकेतली माणसं किती? एक बी न्हाई.

"मंग कर कशाचा भरायचा? डोंबलाचा?" मी म्हणलं.

"आई, ते लोक बी हेच म्हणले," अंजू म्हणली. "फक्त जरा चांगल्या भाषेत."

ओटीतला कापूस तसाच धरून मी उभी राह्यले. अहो, ही तर आमचीच गोष्ट! आमची लवणवस्ती कवठाळी ग्रामपंचायतीत. कवठाळी तिकडं चढावर, आम्ही इकडं लवणात, अन् मधी नाला. घरपट्टी, पाणीपट्टी आम्ही बी भरतो, पण गावाच्या नळाची लाइन नाल्याच्या बरीच पलीकडंच येऊन जी थांबली ती थांबलीच. पंचायतीत आमचा माणूस असावा म्हणलं तर वस्तीचे तीन तुकडे करून तीन वॉर्डांत टाकलेले. कुठंबी उभं राहा, आमची मतं गावाच्या मतांत बुडणार. हे तुकडे केले सरपंच साहेबरावांनी. माणूस तसा वाईट न्हाई, लग्नाकार्याला सगळ्यांच्या आधी हजर. पण आपल्यावाचून कवठाळीत सूर्य उगवत न्हाई असं त्याला मनापासून वाटतं, त्याला काय करावं?

"पुढं वाच," मी अंजूला म्हणलं. "त्या लोकांनी काय केलं ते जल्दी सांग."

त्या लोकांनी चहा समुद्रात टाकला होता. चहावर कर होता म्हणून जहाजावर चढले, अन् पेट्याच्या पेट्या पाण्यात. हे ऐकून सगळ्या बाया हळहळल्या. "आगं माय, एवढा चहा? घरी न्यायचा ना! वाटून घेतला असता." अंजूनं कपाळाला हात लावला.

पण गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. कवठाळीच्या चौकात जे एक हॉटेल हाय ते साहेबरावांचंच. आमचे सगळे गडी सकाळ-संध्याकाळ तिथं चहाला. म्हंजी ज्यानं पाणी अडवलं त्याच्याच कपात फुंकर मारायची! बायांनी ठरवलं, आपण चहा सांडायचा न्हाई, तसलं पाप नको. फक्त साहेबरावांच्या हॉटेलात प्यायचा न्हाई. गड्यांना धाक भरला. बाकीच्यांनी ऐकलं, पण रायभान मामांचे लई हाल झाले. मामा आमच्या वस्तीत सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द मोडत न्हाई कुणी. पण चहापुढं मामांचाच शब्द मोडायचा. हॉटेलावरून जाताना मान दुसरीकडं करून जायचे, अन् थोडं पुढं गेल्यावर थांबून वास घ्यायचे. मी डोळ्यांनी बघितलंय.

हॉटेल ओस पडलं, साहेबराव चिडले, अन् आम्हाला चेव आला. रायभान मामांनीच पारावर जाहीर केलं, "लवणवस्तीची ग्रामपंचायत येगळी झाली पाह्यजे." त्यासाठी आधी कवठाळीच्या ग्रामसभेत ठराव पास व्हावा लागतो, असं अंजूनं वाचून सांगितलं. मंग काय, ठराव लिहायला बसलो.

इथं तुम्हाला महजबीन सांगायला पाह्यजे.

महजबीन माझी मैत्रीण. तिचं घर नाल्याच्या पलीकडच्या काठाला, म्हंजी गावाच्या बाजूला. तिच्या सासऱ्यानं, फकरोद्दीन चाचांनी, जमीन तिथं मिळाली म्हणून घर तिथं बांधलं. आजूबाजूला आणखी दोन-चार घरं. गाव म्हणतं, ही लवणवस्तीची. वस्ती म्हणते, ही पलीकडची. नळ त्यांना बी न्हाई. आमच्या हापशावरून हंडा घेऊन नाल्यातल्या दगडांवरून ती रोज जाते, अन् पावसाळ्यात नाला भरला की तिचं पाणी बंद. गावाच्या अन् वस्तीच्या सगळ्या बायांचे ब्लाउज तीच शिवते. बोलायला तिखट, हाताला साफ.

घरात उर्दू, बाहेर मराठी. मराठी बी अशी बोलते की ऐकत राहावं. फक्त एक खोड. उर्दूत सगळ्यांना मिळून एकच 'हम', त्यामुळं आपलं 'आम्ही' कुठं अन् 'आपण' कुठं हे तिला आजवर उमगलं न्हाई. "बेबी, चल, आम्ही बाजारला जाऊ," म्हणते. मी म्हणते, "तुम्ही जा, मी बसते घरी." "चल, आम्ही चहा पिऊ." "पी बाई, मी बघते." वीसेक वर्षं झाली, मी चिडवते अन् ती माझ्या पाठीत धपाटा घालते.

तर ठराव. अंजू म्हणली, अमेरिकेनं आपली राज्यघटना 'आम्ही, अमेरिकेचे लोक' अशी सुरू केली, अन् आपल्या देशाची बी 'आम्ही, भारताचे लोक' अशीच सुरू होते. म्हणून आम्ही बी ऐटीत लिहिलं, 'आम्ही, लवणवस्तीचे लोक, असा ठराव मांडतो की…' अन् खाली मामांनी सांगितली ती हद्द लिहिली: उत्तरेला नाला.

तो कागद घेऊन मी उड्या मारत महजबीनकडं गेले. ती मशीनवर बसलेली. मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं मशीन थांबवली.

"बेबी," ती म्हणली, "ह्या आम्हीमधी मी हाय का?"

"म्हंजी काय? असणारच की!"

"उत्तरेला नाला लिव्हलंय. मी तर नाल्याच्या उत्तरेला."

तिनं कागद परत दिला अन् मशीन सुरू केली. टाके वाकडे पडून राह्यले, तरी ती थांबली न्हाई. मी उसवते म्हणलं, तर म्हणली, "राहू दे. तुमची पंचायत व्हईल, चांगलंच हाय. मला काय, मला सवय हाय." माझ्या समोर बसून तिनं पहिल्यांदाच 'आमची' सोडून 'तुमची' म्हणलं, अन् मला तो काट्यासारखा लागला. वस्ती सुटून गेली असती तर ती अन् तिच्या शेजारची घरं साहेबरावांच्या ताब्यात राह्यली असती, एकटी. ना नळ, ना तिच्यासाठी भांडणारं कुणी. हापसा बी मंग दुसऱ्या पंचायतीचा.

मी तडक रायभान मामांकडं. रागानं माझी पावलं बी वाजत होती.

"मामा, ही हद्द कुणाच्या अकलेतून निघाली?"

"आगं, नाला म्हंजी सोपी हद्द," मामा म्हणले. "पलीकडचं मागितलं की साहेबराव भांडत बसंल. आपलं आपल्याला मिळू दे, मंग बघू तिचं."

"मंग म्हंजी कवा?"

अंजू मधी पडली. म्हणली, "मामा, अमेरिकेत बी असंच म्हणले होते. सगळी माणसं समान हाईत असं कागदावर लिहिलं, पण बाया बाहेर, गुलाम केलेली काळी माणसं बाहेर, अन् ज्यांची मुळात जमीन होती ते बी बाहेर. त्यांचं मंग बघू म्हणले, अन् त्या 'मंग'ला पिढ्यान् पिढ्या गेल्या."

"तर!" मी म्हणलं. "त्यांचं चांगलं ते घ्या की. चूक बी उतरवून घ्यायची काय?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. मामा हरले की असंच करतात. हद्द बदलली, नाल्याच्या दोन्ही काठांची घरं नावानिशी आली. तरी माझं समाधान होईना. मी म्हणलं, "ते 'आम्ही' खोड. 'आपण' लिही."

"आई, कागदावर कुणी 'आपण' लिहीत न्हाई. आपणमधी ऐकणारा बी येतो."

"येऊ दे की! मी महजबीनला वाचून दाखवणार हाय. ती ऐकणार, ती येणार."

अंजूनं मान हलवत लिहिलं, 'आपण, लवणवस्तीचे लोक.' मी तो कागद महजबीनला नेऊन दाखवला. तिनं दोनदा वाचला. मंग पोलक्याचे वाकडे टाके उसवायला घेतले.

ग्रामसभेचा दिवस आला. पंचायतीसमोर मांडव, खुर्च्या, माइक. साहेबरावांची एक युक्ती सगळ्यांना ठाऊक होती: अवघड विषय निघाला की चहा येतो. लोक कपात गुंततात, बशीत ओतून घेतात, फुंकतात, तोवर विषय पुढच्या सभेवर गेलेला असतो. त्या दिवशी आम्ही येऊन बसतो न बसतो तोच चहा आला. आम्ही बायांनी रिकामे कप बशीत उपडे घातले. ओतणाऱ्याला कळंना, किटली घेऊन कुठं जावं. रायभान मामांचा हात कपाकडं निघाला होता, पण अंजूनं असे डोळे वटारले की मामांनी त्या हातानं मिशीच कुरवाळली.

साहेबराव हसले. माइक हातात घेतला. "लवणवस्तीला येगळं व्हायचंय म्हणे. हरकत न्हाई. पण कुणावर जबरदस्ती नको. पलीकडच्या घरांना विचारा. महजबीन, तू सांग. तुझं घर गावाच्या अंगाला. गावात राहा. पुढच्या हप्त्यात तुझ्या दारात नळ देतो. सगळ्यांसमोर शब्द देतो."

बघा माणूस कसा! इतक्या वर्षांत न दिलेला नळ एका दमात देऊन मोकळा. पावसाळ्यात रिकामा हंडा घेऊन नाल्याच्या काठाला उभी राह्यलेली महजबीन मला दिसून राह्यली. तिनं हो म्हणलं असतं तर मी कोणत्या तोंडानं तिला नाव ठेवलं असतं?

महजबीन उठली. पदर सावरला.

"सरपंचसाहेब, नळ चांगलाच हाय. पण आम्ही नळ मागायला आलो न्हाईत. आम्ही येगळे व्हायला आलो."

"ऐकलं का!" साहेबरावांनी टाळीच मारली. "आम्ही म्हणली ती! लवणवस्तीत बसून 'आम्ही' म्हणती, 'आपण' न्हाई म्हणत. म्हंजी तिची घरं त्यांच्याहून येगळी. लिहा, ग्रामसेवक, पलीकडची घरं वस्तीत न्हाईत."

माझा भडका उडाला. मी खुर्चीवरच चढले. "ओ सरपंच! तिचं आम्ही म्हंजी आपण असतंय! सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक हाय, तुम्हालाच कसं न्हाई?"

मंग कवठाळीच्याच बायांतून झुंबरबाई आजी उठल्या, साहेबरावांच्या सख्ख्या चुलती. "खरंय रे साहेबराव. मला म्हणती, आजी, आम्ही तुमचं माप घेऊ. म्या म्हणलं, किती जणी येणार हाव गं?"

मांडवात हसू फुटलं. एक म्हणली, "मला म्हणली, आम्ही तुझ्या पोरीच्या लग्नाला जाऊ!" दुसरी म्हणली, "मला म्हणली, आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, अन् मी तवा पंचविशीची!" गावातल्या एकेका बाईजवळ महजबीनच्या आम्हीचा एकेक किस्सा निघाला. महजबीन लाजून लाल झाली, पण मान ताठ.

साहेबराव चिडले. माणूस चिडला की कागद नीट बघत न्हाई. ठराव ग्रामसेवकानं वाचायचा असतो, पण साहेबरावांच्या हातात माइक आला की तो सुटत न्हाई. "आणा तो ठराव इकडं. मीच वाचतो, मंग बघू किती हात वर होतात ते." त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला, अन् सरपंची आवाजात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं वाचलं:

"आपण, लवणवस्तीचे लोक, आजपासून कवठाळी ग्रामपंचायतीच्या कारभारातून मुक्त होऊन…"

अन् थांबले. परत वर बघितलं, परत वाचलं, या वेळी हळू. "आपण… लवणवस्तीचे…"

मागून कुणीतरी ओरडलं, "साहेबराव, तुम्ही बी निघालात का आम्हाला सोडून?"

मंग काय विचारता! माणसं खुर्च्यांवरून घसरली. किटलीवाला हसता हसता खाली बसला. रायभान मामा उठून, हात जोडून, अगदी गंभीर तोंडानं म्हणले, "या सरपंच, या. वस्तीत जागा करतो तुम्हाला. फक्त पाण्याची तेवढी अडचण हाय." आपल्याच राज्यातून आपणच मुक्त झालेला राजा मी जन्मात पह्यल्यांदा बघितला. साहेबरावांना बी शेवटी हसू आवरंना. मिशीखाली दाबायला गेले, पण सुटलंच. माणूस तसा वाईट न्हाई, म्हणलं ना.

हात वर झाले. आमचे तर झालेच, गावातले बी झाले. काहींना वाटलं, जाऊ दे, पाण्याची रोजची कटकट मिटंल. काहींनी झुंबरबाईंचा हात वर बघून केला. ठराव पास. महजबीन माझ्या शेजारी बसलेली. तिनं माझा हात एवढा आवळला की बांगडी फुटली.

लगेच सगळं झालं असं समजू नका. फाइल इथून तिथं, तिथून आणखी कुठं, अशी फिरली. अंजू म्हणली, "आई, अमेरिकेला बी लगेच जमलं न्हाई. लढाई जिंकले, सरकार केलं, अन् ते चालंचना. मंग परत बसले, खिडक्या लावून अख्खा उन्हाळा भांडले, तवा घटना झाली." उन्हाळ्यात खिडक्या लावून! येडीच माणसं म्हणायची. पण आमचं बी झालं. लवणवस्तीची ग्रामपंचायत झाली, निवडणूक लागली, सरपंचपद बाईसाठी निघालं, अन् लोकांनी मला केलं. पलीकडच्या काठावरून महजबीन निवडून आली. रायभान मामा आले, आणखी चार जण आले.

पहिली बैठक शाळेच्या खोलीत. मी नवं लुगडं नेसून गेले. खुर्चीवर बसले अन् खरं सांगते, साहेबरावांना काय वाटत असंल ते मला त्या दिवशी कळलं. आपण बोलायचं अन् सगळ्यांनी ऐकायचं, लई गोड वाटतं हो.

पहिलाच विषय पाण्याचा. सगळ्यांसाठी एक मोठा नळ बसवायचा होता. मी म्हणलं, "माझ्या घराजवळच्या मोकळ्या जागेत बसवू. जागा चांगली हाय, सावली हाय." मामांनी मान हलवली. विषय संपला असं समजून मी पेन उचललं.

"मला मान्य न्हाई," महजबीन म्हणली.

"काय?"

"तुझ्या दारात कशाला? नाल्याच्या काठाला बसवू. दोन्ही बाजूच्या बायांना सारखं अंतर. तिथं सावली न्हाई, तर झाड लावू."

"महजबीन," मी म्हणलं, "मी सरपंच हाय."

"तू सरपंच हाय, बराबर हाय. पण मी मेंबर हाय. हात वर करायला लाव."

माझा संताप संताप झाला. जिच्यासाठी मी सगळ्या गावासमोर खुर्चीवर चढले, ती बाई पहिल्याच बैठकीत माझ्याच विरोधात! मी रागानं म्हणलं, करा हात वर. मला वाटलं, बघू कोण करतंय. महजबीनचा हात वर. तिच्या मागं एक, दोन, तीन. अन् मंग टोपी झटकत रायभान मामांचा! माझ्या बाजूनं मी, अन् माझ्याकडं बघून कीव आलेला एक मेंबर.

महजबीननं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असावं, आता मी उठून जाणार. डोळ्यांत जरा भीती होती, पण हात तिनं खाली घेतला न्हाई. अन् मला आठवलं, मशीनवर बसून "मला सवय हाय" म्हणणारी बाई हीच होती.

मी पेन घट्ट धरलं, अन् माझ्या वाकड्या अक्षरात ठराव लिहिला: 'नळ नाल्याच्या काठाला. सूचक महजबीन. विरोधात सरपंच. ठराव मंजूर.' मंग रागारागात, कागद फाटंल एवढा जोर देऊन, खाली सही केली.